नाबोथचा मळा आणि सॅमनची नदी

जुन्या करारातील राजांच्या पहिल्या ग्रंथात नाबोथ नावाच्या एका साध्या माणसाची कथा आहे. इज्रेल नगरात राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तो भाजीपाल्याच्या बागेसाठी हवा होता. राजाने आरंभीच तलवार उपसली नाही, हे आपण बहुधा विसरतो. त्याने रीतसर व्यवहार मांडला. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असे त्याचे म्हणणे होते. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रस्ताव वाजवी होता. तरीही नाबोथने तो नाकारला. वाडवडिलांचे वतन विकण्याचा आपल्याला अधिकारच नाही, एवढेच त्याचे उत्तर. पुढे राणी ईजबेलने रचलेले कुभांड, खोटे साक्षीदार, नाबोथचा दगडमाराने झालेला वध आणि संदेष्टा एलियाने राजाला सुनावलेले शब्द हे सारे आपल्या परिचयाचे आहे. वधाचे पाप इतके ढळढळीत आहे, की त्याच्या छायेत मूळ प्रश्न झाकून जातो. योग्य किंमत मिळत असतानाही ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार माणसाला आहे काय? आणि असल्यास तो कशाच्या आधारावर?

हा प्रश्न केवळ पवित्र शास्त्राच्या पानांत राहिलेला नाही. गेली वीसपंचवीस वर्षे तो अमेरिकेच्या अलास्का राज्यात, उत्तर ध्रुवाच्या वाटेवरील एका दूरच्या प्रदेशात, मोठ्या निकराने विचारला जात आहे. तेथे राजवाडा नाही आणि द्राक्षमळाही नाही. तेथे नद्या आहेत, नद्यांत मासे आहेत, आणि नद्यांच्या उगमापाशी जमिनीखाली तांबे आणि सोने आहे.

अलास्काच्या नैऋत्य भागात बेरिंग समुद्राचा जो फाटा जमिनीत शिरला आहे त्याला ब्रिस्टल उपसागर म्हणतात. नुशागाक, क्विचॅक, नॅकनेक, एगेगिक अशा अनेक नद्या त्याला येऊन मिळतात. अलास्कातील सर्वांत मोठे सरोवर, इलियाम्ना, याच प्रदेशात आहे. गावे लहान, माणसे थोडी, रस्ते नाममात्र. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे तर होडीने किंवा छोट्या विमानाने. युपिक, देनाइना आणि अलुटिक हे तेथील मूळ रहिवासी. सहस्रावधी वर्षे या लोकांचे जीवन एका माशाभोवती फिरत आले आहे. तो मासा म्हणजे सॅमन.

आपल्याकडे बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची पद्धत आहे. परंतु या दोन माशांचे कूळ निराळे. जीवनक्रमाच्या दृष्टीने पाहिले तर सॅमनला आपला हिलसा अधिक जवळचा. हिलसा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो. १९७५ साली गंगेवर फराक्का येथील बंधारा सुरू झाला आणि एके काळी पार अलाहाबादपर्यंत चढून जाणारा हिलसा वरच्या गंगेतून जवळजवळ नाहीसा झाला. समुद्र आणि नदी यांना जोडणारी वाट तुटली की असा मासा उरत नाही, हे आपल्या देशानेही अनुभवले आहे.

सॅमनची वाट तर याहूनही बिकट. नदीच्या तळाशी, स्वच्छ थंड पाण्याखालच्या खडीत मादी खळगा करते आणि अंडी घालते. त्यांतून निघालेली पिले काही काळ गोड्या पाण्यात काढतात. ‘सॉकाय’ जातीची पिले एकदोन वर्षे सरोवरात वाढतात, मग समुद्रात जातात आणि दोनतीन वर्षांनी परततात. परतताना ती कोणत्याही नदीत शिरत नाहीत. ज्या ओढ्यात जन्म झाला तोच ओढा शोधतात, आणि या शोधात त्यांना मुख्य आधार असतो तो पाण्याच्या वासाचा. समुद्रात रुपेरी दिसणारा हा मासा नदीत आल्यावर लालभडक होतो, अंडी घालतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. त्याच्या मृत देहावर अस्वले, गरुड, पाण्यातील कीटक आणि काठची झाडेसुद्धा पोसली जातात. समुद्राची संपत्ती डोंगरापर्यंत वाहून नेणारा तो जणू हमालच आहे.

ब्रिस्टल उपसागरात सॅमनच्या पाच जाती येतात. त्यांपैकी सॉकायच्या बाबतीत या प्रदेशाला जगात तोड नाही. निसर्गात वाढणाऱ्या सॉकायपैकी सुमारे निम्मा एकट्या या प्रदेशातला. २०२२ साली येथे सुमारे ७ कोटी ९० लक्ष सॉकाय परत आले. हा उच्चांक होता. त्यांतील सहा कोटींहून अधिक मासे पकडले गेले आणि तरीही पुढच्या पिढीसाठी पुरेसे मासे उगमापर्यंत पोहोचले. १८८४ साली नुशागाकच्या काठी मासे डबाबंद करण्याचा पहिला कारखाना निघाला. तेव्हापासून व्यापारी मासेमारी अखंड चालू आहे, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही नदी रिकामी झालेली नाही. जगातील बहुतेक मासेमारीचा इतिहास लोभाचा आणि ऱ्हासाचा असताना येथे असे का घडले?

याचे उत्तर नदीकाठच्या लहानशा मनोऱ्यांत आहे. हंगामात या मनोऱ्यांवर राज्याच्या मत्स्यखात्याची माणसे बसतात आणि पाण्याखालून वर जाणारे मासे मोजतात. ठरलेल्या संख्येने मासे वर गेल्याची खात्री होत चालली की मगच मासेमारांना जाळी टाकण्याची वेळ ठरवून दिली जाते. मासे कमी असतील तर होड्या थांबतात. हंगाम जेमतेम सहा आठवड्यांचा. त्यातील एकेक दिवस म्हणजे वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा. समोरून मासा जात आहे, कर्जाचे हप्ते डोक्यावर आहेत, आणि तरी जाळे होडीत गुंडाळून बसायचे, ही साधी गोष्ट नव्हे. अलास्काच्या राज्यघटनेतच मासे, वने यांचा वापर ती टिकून राहतील अशा बेताने करावा, असे कलम आहे. १९७३ सालच्या सुमारास येथेही मासे फार घटले होते. तो धडा लोकांनी मनावर घेतला. आज जी विपुलता दिसते ती निसर्गाची देणगी आहे, तशीच ती माणसांच्या संयमाचेही फळ आहे.

या चित्रात १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुसरी एक गोष्ट शिरली. नुशागाक आणि क्विचॅक या दोन मोठ्या नद्यांना पाणी पुरवणाऱ्या ओढ्यांच्या उगमाशीच तांबे, सोने आणि मॉलिब्डेनम यांचा प्रचंड साठा सापडला. त्याला ‘पेबल’ असे नाव पडले. २००१ साली कॅनडातील नॉर्दर्न डायनॅस्टी या कंपनीने तो हक्क मिळवण्यास आरंभ केला. अँग्लो अमेरिकन ही बलाढ्य कंपनी २००७ साली भागीदार झाली आणि २०१३ साली बाहेर पडली. रिओ टिंटो कंपनीने २०१४ साली आपले भाग अलास्कातील दोन धर्मादाय संस्थांना देऊन टाकले. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, स्थानिक जमातींच्या विनंतीवरून हाती घेतलेला या पाणलोट क्षेत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१७ च्या अखेरीस खाणीच्या परवान्यासाठी अर्ज झाला. २०२० च्या नोव्हेंबरात लष्कराच्या अभियंता विभागाने तो फेटाळला. २०२३ च्या जानेवारीत पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वच्छ पाणी कायद्याखालील आपला क्वचितच वापरला जाणारा अधिकार वापरून तेथे खाणीचा भराव टाकण्यास मनाई केली. अलास्का राज्याने थेट सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. न्यायालयाने २०२४ च्या जानेवारीत तो दावा दाखल करून घेण्यास नकार दिला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कंपनीने आणि राज्याने इतर न्यायालयांत दावे लावले.

खाणीला एवढा विरोध का, हे समजून घ्यायचे तर दगडाचे स्वरूप पाहिले पाहिजे. पेबल येथील शंभर किलो दगडात अर्धा किलोसुद्धा तांबे नाही. म्हणजे जे काढायचे ते अत्यल्प, आणि जे उरणार ते अपार. वीस वर्षांत सुमारे १३० कोटी टन खनिज उपसण्याची योजना होती, आणि संपूर्ण साठा याच्या कित्येक पटींनी मोठा आहे. दगड पिठासारखा दळून, त्यातून धातू वेगळा करून उरलेला ओला चुरा धरणासारख्या बांधांमागे साठवावा लागतो. या दगडात गंधक असते. गंधकयुक्त खनिजाला हवा आणि पाणी लागले की आम्ल तयार होते. ते आम्ल दगडातील धातू विरघळवते आणि पाण्याबरोबर वाहू लागते. सॅमनच्या बाबतीत तांबे विशेष घातक. मासा मरण्यासाठी लागते त्याहून पुष्कळच कमी, एका लिटर पाण्यात काही दशलक्षांश ग्रॅम इतके विरघळलेले तांबेसुद्धा त्याची वासाची जाण बोथट करते. ज्याला वासावरून घर शोधायचे आहे त्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

काही नुकसान तर अपघात न होताही अटळ होते. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२३ च्या निर्णयानुसार, सॅमन ज्यांत येतात असे सुमारे साडेआठ मैल लांबीचे प्रवाह, त्यांना पाणी पुरवणारे आणखी ९१ मैलांचे ओढे आणि २,१०८ एकर पाणथळ व जलमय भूमी कायमची नष्ट झाली असती. इतक्या अफाट प्रदेशात साडेआठ मैलांचे ते काय, असे कोणी म्हणेल. यावर विज्ञानाने विचार करायला लावणारे उत्तर दिले आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की ब्रिस्टल उपसागरातील सॉकाय हा एकच एक समूह नसून शेकडो लहान समूहांचा मेळ आहे. एखाद्या वर्षी काही ओढ्यांना दुष्काळ पडतो तेव्हा दुसरे ओढे भरभरून देतात. या विविधतेमुळेच एकूण पीक स्थिर राहते. आज नगण्य दिसणारा ओढा उद्याच्या वाईट वर्षात आधार ठरू शकतो. कोणता, हे आज कोणालाच सांगता येत नाही.

आता दुसरी बाजू. ती नीट ऐकून घेतल्याशिवाय नैतिक निवाडा करणे म्हणजे अहाबच्या न्यायसभेसारखेच होईल.

खाणीचे समर्थक सारेच लोभी आहेत असे मुळीच नाही. इलियाम्नाच्या परिसरातील काही गावकऱ्यांनी आणि गावसंस्थांनी खाणीला पाठिंबा दिला, कारण तेथे बारमाही नोकरी दुर्मिळ आहे, इंधन आणि किराणा विमानाने वा होडीने येतो, आणि तरुण मुले शहरांकडे निघून जात आहेत. मासेमारीचा पैसाही सर्वस्वी न्यायाने वाटला जातो असे नाही. १९७० च्या दशकात मासेमारीचे परवाने मर्यादित झाले. ते विकता येतात, आणि कालांतराने स्थानिकांच्या हातून पुष्कळसे परवाने बाहेरच्यांकडे गेले. २०१९ च्या हिशेबानुसार या मत्स्यव्यवसायाची आर्थिक किंमत सुमारे २.२ अब्ज डॉलर आणि रोजगार सुमारे पंधरा हजार. पण त्यातील मोठा वाटा हंगामापुरते येणाऱ्यांच्या पदरी पडतो. शिवाय तांबे ही चैनीची वस्तू नव्हे. विजेच्या तारा, मोटारी, पवनचक्क्या, दवाखान्यातील यंत्रे यांतले काहीही तांब्यावाचून चालत नाही. कोळसा आणि तेल सोडून विजेकडे वळायचे म्हणतो ते जग पूर्वीपेक्षा जास्तच तांबे मागणार आहे. ‘आमच्या नदीपाशी नको’ असे म्हणणाऱ्याने मग ‘कोणाच्या नदीपाशी?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला नको काय? आणि अखेरचा मुद्दा मालकीचा. ही जमीन कायद्याने अलास्का राज्याची आहे. आपल्या जमिनीचा विनियोग ठरवण्याचा हक्क राज्याला नाही तर कोणाला?

हे सारे युक्तिवाद वजनदार आहेत. आधुनिक तंत्रज्ञानाने धोका आटोक्यात ठेवता येतो, असेही अभियंते प्रामाणिकपणे सांगतात. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील माउंट पॉली खाणीचे अभियंतेही अडाणी नव्हते. ४ ऑगस्ट २०१४ रोजी त्या खाणीचा बांध फुटला आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी व गाळ ओढ्यातून खाली, सॉकाय ज्यात वाढतात त्या केनेल सरोवरात जाऊन पोहोचला. चौकशी समितीला आढळले की बांधाच्या पायाखाली हिमयुगातील मातीचा एक कच्चा थर होता आणि तो कोणाच्या ध्यानातच आला नव्हता. २०१९ साली ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे असाच बांध फुटून २७० माणसे गेली. अलास्का तर भूकंपाचा प्रदेश. १९६४ साली गुड फ्रायडेच्याच दिवशी तेथे झालेला ९.२ क्षमतेचा भूकंप अमेरिकेच्या इतिहासात नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप होय. पुढे १९८९ साली, तोही दिवस गुड फ्रायडेचाच, ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज याच राज्याच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. त्या सामुद्रधुनीत चालणारी हेरिंग माशांची मासेमारी काही वर्षांतच कोलमडली, आणि ते मासे पूर्वीच्या संख्येने परत आले नाहीत.

परंतु आपला नैतिक प्रश्न केवळ ‘बांध फुटेल का?’ एवढाच नाही. तो फुटण्याची शक्यता अगदी थोडी आहे असे मानले, तरी आणखी एक गोष्ट उरते आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. खाण वीस वर्षांची, पण गाळाची राखण निरंतरची. खाण संपली, कामगार गेले, समभाग विकले गेले, तरी बांध उभाच राहिला पाहिजे आणि झिरपणारे पाणी शुद्ध करीतच राहिले पाहिजे. अमेरिकेतील माँटाना राज्यात ब्यूट शहराजवळ तांब्याची एक प्रचंड खाण आहे. १९८२ साली तेथील पाणी उपसणारे पंप बंद झाले आणि तो खड्डा आम्लयुक्त, धातूमिश्रित पाण्याने भरू लागला. १९९५ साली तेथे उतरलेली तीनशेहून अधिक हिमहंस पाखरे मरून पडली. त्या पाण्याचे शुद्धीकरण आता पिढ्यान् पिढ्या करीत राहावे लागणार आहे. त्याला शेवटची तारीख नाही.

विचार करा, वाचकहो. आपण वचन देतो तेव्हा त्यामागे आपण स्वतः उभे असतो. लग्नाचे वचनदेखील मृत्यूपर्यंतचेच असते. अनंत काळ एखादा बांध सांभाळण्याचे वचन कोणती कंपनी देऊ शकते? अनेक माणसांच्या आयुष्याहून कंपन्यांचे आयुष्य लहान असते. त्या वचनाचा भार प्रत्यक्षात उचलणार ते अद्याप जन्मालाही न आलेले लोक. त्यांना कोणी विचारले नाही, त्यांना नफ्यातील दिडकीही मिळणार नाही, आणि त्यांना नकार देण्याची सोय नाही. २०२० साली खाणीच्या प्रमुखांच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण बाहेर आले. अर्जात वीस वर्षे लिहिलेली असली तरी खाण पुढे कितीतरी दशके वाढवीत नेण्याच्या शक्यतेची चर्चा त्यात होती. त्यानंतर मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. या प्रसंगाचा धडा एका व्यक्तीपुरता नाही. जे वचन देणारा स्वतः वीस वर्षांपुरतेही निश्चित करू शकत नाही, त्याच्या भरवशावर निरंतरचा धोका पत्करावा काय?

जोखीम घेणे हे मुळात पाप नव्हे. कोळी वादळी समुद्रात होडी घालतो, शेतकरी आभाळाकडे पाहून बी पेरतो, आईबाप कर्ज काढून मुलाला शिकवतात. जोखमीवाचून जीवन नाही. पण या सर्वांत जोखीम घेणारा आणि तिचे फळ वा फटका भोगणारा एकच असतो, निदान एकाच घरातला असतो. जेथे लाभ एकाच्या पदरी आणि धोका दुसऱ्याच्या गळ्यात, तेथे तिला जोखीम म्हणू नये. ती दुसऱ्याच्या ठेवीवर खेळलेली बाजी होय. आणि बाजी हरली तर भरपाई करता येईल काय, हाही विचार आहे. पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. हजारो वर्षे एका ओढ्याशी जुळत आलेला माशांचा वंश एकदा संपला, की तो कोणत्याही नुकसानभरपाईने परत येत नाही. उत्तरेला युकॉन नदीकाठच्या युपिकांना हे दुःख ठाऊक आहे. तेथील सॅमन इतके घटले, की २०२४ साली अलास्का आणि कॅनडा यांनी राजा-सॅमनची मासेमारी सात वर्षे थांबविण्याचा करार केला. तेथे खाणीमुळे असे झाले नाही. बदलत्या समुद्राचा आणि तापत्या हवामानाचा त्यात मोठा वाटा मानला जातो. पण रिकामे जाळे म्हणजे काय, हे पाहण्यासाठी त्या लोकांना दूर जावे लागत नाही.

मालकीच्या मुद्द्याचे काय? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ सालच्या आपल्या सामाजिक परिपत्रकात असा विचार मांडला होता, की खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते. मालकी नाकारलेली नाही; ती निरपेक्ष नाही, एवढेच सांगितले आहे. राज्याच्या जमिनीलाही तोच न्याय लागू पडतो. उगमाची जमीन राज्याची असेल, पण उगमातून निघालेले पाणी वाहत खालच्या गावात जाते. ज्याच्या अंगणात झरा आहे त्याला झऱ्याचे पाणी पिण्याचा हक्क आहे. खालच्याचे पाणी नासवण्याचा नाही. आपल्या विहिरी आणि पाटांच्या भांडणांत गावच्या पंचांनी हेच तत्त्व वापरले असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पाण्याचा हक्क आणि पुढील पिढ्यांविषयीचा न्याय एकाच सूत्रात ओवला. भरून न येणाऱ्या हानीचा धोका दिसत असेल, तर पूर्ण पुरावा हाती येण्याची वाट न पाहता सावध व्हावे, हा विचारही त्यांनी आपलासा केला. ब्रिस्टल उपसागराइतके त्याचे चपखल उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आणि नाबोथ? त्याच्या नकाराचा आधार ‘मळा माझा आहे’ हा नव्हता. मळा केवळ त्याचा असता तर तो विकूही शकला असता. मळा पूर्वजांकडून आला होता आणि वंशजांकडे जायचा होता. मध्ये तो केवळ राखणदार होता. म्हणूनच वाजवी किंमतही त्याला घेता येईना. ब्रिस्टल उपसागराच्या गावांत हीच भूमिका वेगळ्या रूपाने दिसते. तेथील बरेच लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. रशियन मिशनऱ्यांनी त्यांच्या पूर्वजांना बाप्तिस्मा दिला. जानेवारीत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, ते गोठलेल्या नदीवर जमतात, बर्फात क्रूसाच्या आकाराची चीर पाडतात, धर्मगुरू पाण्याला आशीर्वाद देतात आणि लोक ते पाणी घरी नेतात. ज्या नदीचे पाणी तीर्थ म्हणून घरात ठेवले जाते, तिचा भाव ठरवायला बसणे त्या लोकांना किती अवघड जात असेल!

तरी ते निव्वळ भावनेवर बसून राहिले नाहीत. इलियाम्ना सरोवराच्या काठी पेड्रो बे नावाचे एक लहान गाव आहे. खाणीच्या रस्त्याची एक आखणी त्यांच्या जमिनीवरून जात होती. २०२१ साली गावसंस्थेच्या सभासदांनी प्रचंड बहुमताने ठराव केला आणि २०२२ च्या अखेरीस सुमारे ४४ हजार एकर जमिनीवर कायमचा संरक्षक करार झाला. जमीन त्यांचीच राहिली. तिच्यावरून खाणीचा रस्ता नेण्याचा हक्क मात्र कायमचा संपला. त्याबद्दल निसर्गरक्षण संस्थेने देणग्या जमवून त्यांना मोबदला दिला. या घटनेत एक मोठी सुज्ञता आहे. गरीब गावाने ‘नाही’ म्हणावे आणि त्याची सगळी किंमत त्यानेच सोसावी, असे येथे झाले नाही. ज्यांना नदी वाचावी असे वाटत होते, त्यांनी त्या नकाराचा खर्च वाटून घेतला.

येथे प्रश्न आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो. अलास्कातील नदी वाचावी असे दूर बसून म्हणणे सोपे आहे. पण आपल्या भिंतींतील तारांत, पंख्यात, मोबाइलमध्ये आणि मोटारीत जे तांबे आहे ते कोठल्यातरी डोंगरातून, कोणाच्यातरी पाण्याजवळूनच आलेले आहे. तांबे न वापरण्याचा उपदेश निरर्थक होय. मात्र तांबे हा असा धातू आहे, की तो पुनःपुन्हा वितळवून वापरता येतो आणि त्याचा गुण कमी होत नाही. आपल्या आजीने तांब्याचा हंडा टाकून दिला नव्हता. तो कल्हई करून, ठोकून, शेवटी मोडीत घालून नवा घेतला होता. तीच काटकसर आज विजेच्या वस्तूंना लावता येईल. कपाटात पडून राहिलेली जुनी यंत्रे आणि तारा भंगारात न कुजवता योग्य ठिकाणी देणे, एक वस्तू चालत असताना दुसरी न घेणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी आहेत. त्याने एखादी खाण बंद पडेल असा दावा मी करीत नाही. परंतु दुसऱ्याने संयम पाळावा अशी अपेक्षा करणाऱ्याने थोडा संयम स्वतःच्या घरात पाळावा, इतका तरी न्याय असावा. जेथे खाण अपरिहार्य आहे तेथे ती कोठे काढावी, कोठे कदापि काढू नये, आणि मिटवण्याचा खर्च आधीच कोणी भरून ठेवावा, हे विचारण्याचा नैतिक अधिकार अशा संयमातूनच येतो.

नदीकाठच्या मनोऱ्यावर बसून मासे मोजणाऱ्या माणसाकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. त्याच्या कामात एक मोठे नीतितत्त्व साधेपणाने दडलेले आहे: आधी पुढच्या पिढीचा वाटा वर जाऊ द्या, मग आपले जाळे टाका. मासेमार कुरकुरत का होईना, पण त्याचे ऐकतात. आणि म्हणूनच त्यांच्या नातवांनाही मासे मिळतात. खाणीच्या बाबतीत असा मोजणारा कोणी नाही. वर जाणारा वाटा किती आणि आपला किती, हे तेथे कायद्याला, न्यायालयाला आणि अखेर माणसांच्या सदसद्विवेकालाच ठरवावे लागते. २०२३ चा मनाईहुकूम हा एक आदेश आहे, आणि एका सरकारने काढलेला आदेश दुसरे सरकार मागे घेऊ शकते. दगडातील तांबे जेथल्या तेथे आहे. त्याची किंमत वाढली की मोहही वाढणार. अहाबचा प्रस्ताव पुनःपुन्हा येत राहील, बहुधा अधिक सभ्य शब्दांत आणि अधिक मोठ्या रकमेसह. त्या प्रत्येक वेळी नाबोथच्या बाजूने साक्ष देणारे कोणी असेल काय, हा प्रश्न जितका त्या दूरच्या नदीचा आहे, तितकाच तो तांबे वापरणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे.